पांढऱ्या भिंतीपुढचा फोटो

“आधी फोटो बघा मॅडम, मग बाकीचं सांगतो,” असं म्हणून त्या माणसाने मोबाइल माझ्या टेबलावर ठेवला.

फोटोत एक म्हातारी बाई भिंतीपुढे उभी होती. डोक्यावर पदर, कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण, दोन्ही हात शाळेतल्या कवायतीसारखे सरळ सोडलेले. कुणीतरी ‘हसा’ म्हटलं असावं. त्या हसायच्या आधीच फोटो निघाला होता.

“माझी आई. गजराबाई खोत. परवा रविवारी सांगलीत लग्नाला आणली. जेवणं झाली, हात धुवायला म्हणून उठली ती गेलीच.”

त्याचं नाव निवास. तासगावकडच्या एका वाडीतला, चाळिशीचा. दाढी दोन दिवसांची. पायात दोन वेगळ्या चपला होत्या. मंगल कार्यालयाच्या दारातल्या ढिगातून हाताला येतील त्या घालून तो आईमागे धावला असणार आणि त्यानंतर त्याने पायांकडे बघितलं नसणार.

“विसर पडतो का त्यांना?” मी विचारलं.

“पडतो की. कधी मला अण्णा म्हणती, म्हंजे आमच्या वडलांस्नी. कधी जेवून उठली की परत ताट मागती. पर वाट कधी चुकली न्हवती.” तो थांबला. “पोलिसांत दिलंय. ते म्हणलं, पोष्टर लावा. रंगीत लावा, रंगीत असलं तर माणसं थांबून बगत्यात.”

पाचशे पोस्टर त्याला त्याच संध्याकाळी हवी होती. सांगली, मिरज, जयसिंगपूर, कोल्हापूर, जिथे म्हणून एसटी थांबते तिथे लावायला. आमच्या छापखान्याचे मालक हुक्केरीकाका केबिनमधून बाहेर आले, फोटोकडे बघितलं आणि मशीनकडे तोंड करून ओरडले, “अल्ताफ, पत्रिकांचं काम उतरव. हे आधी.” मग निवासला म्हणाले, “सहाला घेऊन जा. आणि काळजी करू नका. आमच्या हेमाताईंच्या पडद्यावर जसं दिसतं तसंच कागदावर उतरतं. शास्त्रज्ञ आहेत त्या.”

मी शास्त्रज्ञ नव्हते. प्रकाशशास्त्र घेऊन एम.एस्सी. झाले होते, चार वर्षं कॉलेजात तासिकेवर शिकवलं होतं, आणि ते सुटल्यावर सांगलीच्या या छापखान्यात आले होते. मी आले तेव्हा एकाच जाहिरातीतला लाल रंग पडद्यावर एक, नमुन्यात दुसरा आणि छापील कागदावर तिसराच असायचा. मी ते थांबवलं. दर सोमवारी वाटीएवढं एक यंत्र पडद्यावर लटकवून रंग मोजायची आणि आकडे वहीत उतरवायची. माझ्या टेबलाभोवतीच्या भिंती राखाडी करून घेतल्या होत्या. साडीचा रंग पडद्यात उमटू नये म्हणून कामावर राखाडी एप्रन घालायची. मशीनवरचे अल्ताफभाई त्यावरून मला चिडवत. चहाचा कप पुढे करून म्हणत, “ताई, जरा यंत्र लावून सांगा, चहाच आहे ना? मग पितो.” मला ते चिडवणं आवडायचं.

फोटो माझ्या पडद्यावर उघडला तेव्हा मला तो निळसर वाटला. मागची भिंत निळसर, म्हातारीचा चेहरा राखेचा हात फिरल्यासारखा. स्वस्त मोबाइलच्या फोटोंत अशी झाक नेहमी यायची. ती काढायचा एक सोपा उपाय असतो. फोटोत जे खात्रीने पांढरं असेल ते संगणकाला दाखवून द्यायचं. ते एकदा पांढरं झालं की बाकीचे सगळे रंग आपापल्या जागी येतात.

“ही भिंत कुठल्या रंगाची आहे?” मी विचारलं.

“रंग कुठला, मॅडम? पांढरी हाय. दिवाळीला चुना मारलाय, मी आन मालननं.”

“मालन कोण?”

“आमची मंडळी. फोटो तिनंच काढलाय, लग्नाला निघताना. दारातच.”

मी भिंतीवर एक ठिपका निवडला आणि दाबलं.

भिंत कोऱ्या कागदासारखी झाली. म्हातारीच्या चेहऱ्यावरची राख उडाली आणि गालांत ऊब आली. जणू ती बाई सावलीतून उन्हात येऊन उभी राहिली. निवास खुर्चीत पुढे सरकला. त्याने तोंडावर हात धरला आणि “आई” एवढंच म्हणाला. गिऱ्हाईक गप्प झालं की रंग बरोबर आला, हा माझा तोवरचा अनुभव होता.

पोस्टरचा मजकूर त्याने घडी घातलेल्या कागदावर आणला होता. अक्षर मालनचं होतं, गोल आणि नीट. वय अडुसष्ट, रंग सावळा, उंची पाच फूट, अंगावर चिंतामणी रंगाची साडी, लाल काठ. मी पडद्याकडे बघितलं. साडी गर्द हिरवी होती.

“साडी हिरवी आहे ना?”

“असंल. बायकांच्या रंगातलं आपल्याला काय कळतंय, मॅडम? मालनला फोन लावू का? साडी तिनंच घेतलीया.” त्याने टेबलावरचा मोबाइल उचललासुद्धा.

“राहू द्या,” मी म्हटलं. “बोलण्यात प्रत्येकाचा रंग वेगळा असतो. कुणी चिंतामणी निळ्याला म्हणतं, कुणी हिरव्याला. मोबाइलवरही कसाही दिसतो. इथे तो मोजलेला आहे. स्टँडवरच्या माणसाला एका शब्दात कळायला पाहिजे.”

त्याने मोबाइल खिशात ठेवला. डॉक्टरपुढे माणूस गप्प बसतो तसा तो बसला. मी ‘चिंतामणी रंगाची’ हे शब्द काढले आणि तिथे ‘हिरवी’ लिहिलं.

पावणेसहाला छपाई पुरी झाली. मी ढिगातून वरचा, मधला आणि तळाचा असे तीन कागद काढून मोजले. तिन्ही ठिकाणी साडीचा रंग माझ्या पडद्यावरच्या रंगाशी जुळला. इतकं तंतोतंत काम आमच्याकडे क्वचित व्हायचं. निवासने गठ्ठा छातीशी धरला आणि तो खळीची बादली घ्यायला निघाला.

शुक्रवारी तो आणखी शंभर पोस्टर न्यायला आला. फोन येत होते. कुपवाडहून आला, कोल्हापूरच्या रेल्वे स्टेशनवरून आला, कराडहून दोन आले. प्रत्येक वेळी तो मोटारसायकल काढून गेला होता. प्रत्येक ठिकाणी हिरव्या साडीतली कुणीतरी म्हातारी होती. कराडची तर पन्नाशीचीसुद्धा नव्हती. तिने याला शिव्या दिल्या.

“लोक चांगले आहेत हो,” अल्ताफभाई म्हणाले. “स्वतःच्या खर्चाने फोन करतात.”

“चांगली हायत. पर सगळी साडीच बगत्यात,” निवास म्हणाला. “तोंड कोण बगतच न्हाई.”

हे वाक्य मी ऐकलं, आणि कागद मोजत राहिले.

पुढच्या बुधवारी दुपारी तो परत आला तेव्हा त्याच्या हातात पोस्टर नव्हतं. तो माझ्या टेबलापर्यंत आला नाही. दारातल्या बाकावर बसला. अल्ताफभाईंनी मशीन थांबवलं.

“सापडली?” हुक्केरीकाकांनी विचारलं.

“हुती,” तो म्हणाला. “जयसिंगपूरच्या स्टँडवर दोन दिस हुती.”

मग त्याने सांगितलं. फोन आला होता हातकणंगल्याहून, तोही खोटा निघाला. परतताना तो जयसिंगपूरला पाणी प्यायला थांबला. कँटीनच्या बाहेर भजी तळणाऱ्या बाईला त्याने सहज मोबाइल काढून आईचा फोटो दाखवला.

“ती बघूनच म्हणली, ‘ही? अवो, ही हितंच हुती की! गेल्या बुधवारी दुपारी आली. दोन दिस हितंच बाकड्यावर निजली. मी भाकरी दिली, च्या दिला.’ म्हटलं, ‘मावशी, अवो तुमच्या डोक्यावर तिचं पोष्टर हाय! मीच चिटकवून गेलो बुधवारी सकाळी.’ तर त्या बाईनं वर बघितलं आन म्हणली, ‘ती न्हवं ही. मला बी तसंच वाटलं हुतं. मी तिला इचारलं, आज्जे, ही तुज्यावानी दिसती गं. तर ती उठली. पोष्टरपाशी गेली. साडीवर बोट फिरवलं आन म्हणली, हिची साडी हिरवी हाय. माजी चिंतामणी हाय.’”

हुक्केरीकाकांनी त्याला पाणी दिलं.

“शुक्रवारी सकाळी भजीवाली बाई आली तर बाकडं मोकळं. कुठली गाडी धरली, कुणी बगितलं न्हाई.” निवासने डोळे पुसले नाहीत, नुसते मिटून उघडले. “आई सोताला वळखली न्हाई बगा. सोताचं तोंड समोर असून वळखलं न्हाई. एका अर्थानं बरंच म्हणायचं. तिला आता कायच आठवत नसंल. घर न्हाई, आमी न्हाई. आठवत असतं तर जीव तुटला असता तिचा.”

“तेच म्हणायचं,” हुक्केरीकाका हळूच म्हणाले. अल्ताफभाई त्याच्या शेजारी बाकावर जाऊन बसले.

“मोबाइल देता जरा?” मी विचारलं.

आठ दिवसांपूर्वी हाच मोबाइल माझ्यासमोर होता. त्या लहान, ओरखडलेल्या पडद्यावर साडी निळी होती. मोराच्या मानेवर असतो तसा निळा, हिरव्याच्या अगदी कडेपर्यंत जाऊन थांबलेला. मी माझ्या संगणकावर मूळ फोटो उघडला आणि त्यावरची माझी दुरुस्ती काढून टाकली. भिंत पुन्हा निळसर झाली, चेहऱ्यावर राख आली आणि साडी मोबाइलवर होती तशी झाली. यातलं एकच काहीतरी खरं असू शकत होतं. भिंत पांढरी असेल तर साडी हिरवी होती. साडी चिंतामणी असेल तर ती भिंत पांढरी नव्हती.

गजराबाई सापडल्या नाहीत, हे इथेच सांगते. आज या गोष्टीला चौदा वर्षं झाली. मी त्या छापखान्यात नाही, सांगलीतही नाही. पण रस्त्यात पुढे त्या रंगाची साडी चालताना दिसली की मी अजूनही पावलं उचलते, वळसा घालून पुढे जाते आणि तोंड बघते. एकदा नाशिकला एका बाईने विचारलं, “काय हरवलंय का तुमचं?” मी नाही म्हणाले.

तर, दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुरुस्ती न केलेल्या फोटोचे पंधरा कागद छापून घेतले आणि स्कूटरने त्या वाडीला गेले.

निवास शेताकडे गेला होता. मालन दारात शेंगा फोडत बसली होती. किरकोळ, हसऱ्या तोंडाची बाई. मी नाव सांगितल्यावर ती घाईने उठली. तिच्यामागे ती भिंत होती. मी तिच्याकडे न बघता भिंतीकडेच बघत राहिले असणार, कारण तीही वळून बघायला लागली.

भिंत निळसर होती. ऊन पडलं होतं तिथेही, आणि पडवीची सावली होती तिथेही.

“वहिनी, या चुन्यात काय घातलंय?”

“नीळ. का वो?”

“निवासभाऊ म्हणाले, भिंत पांढरी आहे.”

“मग पांढरीच हाय की!” तिला हसू आलं. “नीळ घातल्याबिगर चुना पांढरा दिसतो व्हय? पिवळट मारतोय. समदीच घालत्यात. आमी यंदा जरा जास्त घातली, आत्तींनी, म्हंजे ह्यांच्या आईनं, पुडी आख्खीच ओतली.”

मी कागद पुढे केला. तिने तो दोन्ही हातांत धरून बघितला, मग आत जाऊन एक चिंधी घेऊन आली. साडीतलंच झंपर शिवलं होतं, त्यातलं उरलेलं कापड. ते तिने कागदावरच्या साडीवर ठेवलं आणि कागद उचलून उन्हात नेला. मी यंत्र आणलं नव्हतं. लागलंही नसतं. कापड कुठे संपतं आणि छापलेली साडी कुठे सुरू होते, ते कडेवरूनच कळत होतं, रंगावरून नाही.

“आता बराबर,” मालन म्हणाली. “आत्ती अशाच बगायच्या. दुकानातल्या दिव्याखाली साडी कधी घेतली न्हाई त्यांनी. दुकानदार कुरकुरायचा, तरी ह्या साडी घेऊन रस्त्यावर. म्हणायच्या, दिव्याखाली रंग खोटं बोलतोय.” तिने कापडाची घडी केली. “पयल्या पोष्टरात हिरवी झालती. मी ह्यांस्नी म्हटलं हुतं. तर हे म्हणलं, गप, मॅडम शिकलेल्या हायत, यंत्रावर मोजलंय त्यांनी.”

“कधी म्हणालात?”

“त्याच राती. पोष्टर घेऊन आलं तवा.”

म्हणजे मंगळवारी. गजराबाई जयसिंगपूरला पोचायच्या आदल्या रात्री.

निवास आला. मला बघून त्याच्या चेहऱ्यावर एकदम काहीतरी उजळलं, मग माझ्या हातातले कागद दिसले आणि ते विझलं. तो पडवीच्या पायरीवर बसला. मालन माझ्या मागे दारात उभी राहिली.

येताना वाटेत मी वाक्यं तयार केली होती. प्रयोगाच्या वहीत निष्कर्ष लिहावा तशी लहान, सरळ वाक्यं. ती मी एकामागून एक सांगितली. भिंतीत नीळ आहे. मी ती पांढरी धरली. त्यामुळे बाकीचे सगळे रंग सरकले आणि साडी हिरवी झाली. वहिनींनी बरोबर लिहिलं होतं, मी खोडलं. तुम्ही फोन लावत होता, मी लावू दिला नाही. चूक माझी आहे.

तो ऐकत होता. रागावला नाही. मग मी शेवटचं वाक्य सांगितलं. ते मी त्याच्यासाठी म्हणून आणलं होतं. त्याला त्यातून थोडं बरं वाटेल अशी माझी समजूत होती.

“आईंनी स्वतःला ओळखलं नाही असं नाही, निवासभाऊ. त्यांचं डोकं ठिकाणावर होतं. पोस्टरमधली साडी त्यांची नव्हतीच. त्या बरोबर सांगत होत्या.”

निवासने नवा कागद हातात घेतला. बराच वेळ तो आईकडे बघत राहिला.

“म्हंजे तिला साडी आठवत हुती,” तो म्हणाला.

“हो.”

“रंगाच्या नावासकट.”

“हो.”

“मग घर बी आठवत असंल.”

यापुढचं वाक्य मी तयार केलं नव्हतं.

“दोन दिस ती स्टँडवर बसली हुती. आपल्या तासगावची गाडी तिथनं रोज जाती. कुणालाबी इचारलं असतं तर बसवून दिलं असतं.” तो सावकाश बोलत होता, एकेक गोष्ट दुसरीपुढे लावून बघत असल्यासारखा. “आठवत असून ती घरला का न्हाई आली?”

मला वाटलं, तो मला विचारतोय. मी मान वर केली. तो माझ्याकडे बघत नव्हता. त्याची नजर माझ्या खांद्यावरून मागे, दाराकडे गेली होती.

मालनच्या हातातली कापडाची घडी सुटली. ती उचलायला ती वाकली नाही.

“माझ्याकडं काय बगताय?” ती म्हणाली.